गुलाबी चिठ्ठी, पिवळी चिठ्ठी

२ फेब्रुवारी, दुपारी तीन

सगळ्यात आधी आली ती मांजरवाली, नेहमीसारखी, हॉलचं दार उघडायच्या अर्धा तास आधी. तिच्यामागे मास्तर, मास्तरांच्या मागे मी. आणि माझ्यामागे आमच्या ओळीत आजवर कधी न दिसलेली तीन माणसं. एक मुलगी, एक चष्मेवाला, एक दाढीवाला. पायात पांढरेशुभ्र बूट. मला वाटलं जेवायला आलीत. म्हटलं, वाईट दिवस काय बूट बघून येतात? सरकून जागासुद्धा करून दिली. तर चष्मेवाला म्हणाला, नाही आजी, आम्ही डिझाइनर आहोत, शहरातली भूक घालवायला आलोय, एक पैसा घेणार नाही. म्हटलं, बाळा, इथे ती रोजच फुकट घालवतात. साडेबाराला. डावाने.

हसला. दात चांगले आहेत.

या हॉलबद्दल लिहून ठेवते, उद्या विसरायला होतं. कोपऱ्यावरचा हॉल. एक संस्था धान्य देते, डाववाली शिजवते. भात आणि वर एक डाव रस्सा. तिचं थोरलं पातेलं एवढं मोठं की घासताना ती कमरेपर्यंत आत जाते आणि आतून गाणी म्हणते. मी जाते ती तपासणीला. मला कोणी नेमलेलं नाही, पण चांगली कामं नेमून होत नसतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ते मला पटत नाही. ताटभर खाल्ल्याशिवाय मत देऊ नये. शिवाय दुपारी बरा लागलेला भात संध्याकाळी कसा लागतो, हे बघायला कोणाला सवड आहे? म्हणून मी एक डबा सॅम्पल घरी नेते.

बाकीच्यांचं काय सांगावं. मांजरवाली दुसऱ्या मजल्यावरची. म्हणते, मी मांजरासाठी नेते. ते मांजर आजवर कोणी पाहिलेलं नाही. बटाटा खातं म्हणे, आणि त्याला मीठ कमी चालत नाही. मास्तर रिटायर होऊन दहा वर्षं झाली. ते येतात पेपर वाचायला. हॉलमधला पेपर परवाचा असतो, आणि मास्तर तो ताटाखाली घालून वाचतात.

लोक किती खोटं बोलतात. सरळ सांगावं, भूक लागते. त्यात लाज कसली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डायरी मागच्या वर्षीची आहे, मुलाच्या कंपनीची. वार चुकीचे छापलेत, ते मी खोडून घालते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण चौथी पक्की.

आज कामाचा दिवस. मुलीने आम्हाला एकेक करून खुर्चीवर बसवलं आणि विचारपूस केली. तिच्याकडे चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, म्हणून तिचं नाव मी चिठ्ठीवाली ठेवलं. मला तिने वीस प्रश्न विचारले. एवढे प्रश्न आयुष्यात कोणी विचारले नव्हते. लग्न ठरवताना एकच विचारला होता, तोही वडिलांना.

सकाळी काय खाता, म्हणाली. म्हटलं, डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय, म्हणून काहीच खात नाही. याच्याहून हलकं काय असणार. घरी स्वयंपाक करता का? म्हटलं, शेगडी जानेवारीपासून बंद ठेवलीय, पडद्यांना वास बसतो. ती सगळं टिपून घेत होती. अशी ऐकणारी पोरगी मला व्हायला हवी होती. मुलगा आहे, तो ऐकतो, पण फोन दुसऱ्या कानाला लावून.

मग चिठ्ठ्या. भिंतीवर मोठं अक्षर काढलं होतं, इथे का येता? भुकेसाठी येत असाल तर पिवळी चिठ्ठी, दुसऱ्या कारणासाठी असेल तर गुलाबी, आणि त्यावर कारण लिहायचं. सगळ्यांच्या देखत भिंतीवर चिकटवायची. मी अर्थात गुलाबी घेतली आणि लिहिलं, तपासणी. मास्तरांनी लिहिलं, वृत्तपत्रवाचनार्थ. मांजरवालीने अक्षर टाळून मांजरच काढलं. उंदरासारखं दिसत होतं, पण मी बोलले नाही, तिचा जीव तेवढाच. पलीकडच्या बांधकामावरचा गवंडी म्हणाला, सावलीला येतो. फेब्रुवारीत.

मग काय, एकाने गुलाबी घेतली की मागच्याची हिंमत होत नाही पिवळीची. एक वाजेपर्यंत सगळी भिंत गुलाबी. दोनशे माणसं जेवली आणि एकालाही भूक नव्हती.

पिवळी एकच होती. डाववालीची. हात पुसून आली आणि लिहिलं, दोनशे माणसं भुकेपोटी येतात, मीठ संपलंय. चष्मेवाल्याने ती नम्रपणे काढून ठेवली. स्टाफचं मत धरायचं नसतं म्हणाला.

५ फेब्रुवारी

पोरं तीन दिवस भिंतीपुढे उभी आहेत. चष्मेवाला म्हणतो, यात काहीतरी फार खोल आहे. दाढीवाला बोलत नाही, फक्त फोटो काढतो. पातेल्याचा फोटो आतून काढला. रिकामं असताना.

मला आज सल्लागार म्हणाला. आमच्या सल्लागार आजी, असं पाहुण्यांसमोर. मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाले, आजी, सल्ला काय दिलात? म्हटलं, ते गुप्त असतं. खरं तर मी एकच सांगितलं होतं, की आमची वस्ती खाऊनपिऊन सुखी आहे, इथे कोणी हपापलेलं नाही. परक्या माणसांना घरातलं फाटकं कशाला दाखवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चष्मेवाल्याने ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

ठरवलं: उद्यापासून केस नीट विंचरून जायचं. दाढीवाला सांगून फोटो काढत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. तो दुसऱ्या गावी असतो. काय जेवलीस, म्हणाला. म्हटलं, भात आणि रस्सा. पोटभर? म्हटलं, दोनदा, एक दुपारी, एक सॅम्पल. मागून सूनबाई म्हणाली, आई, पुढच्या महिन्यात येऊन जातो आम्ही. म्हटलं, नको गं, मी डिझाइनमध्ये फार बिझी आहे.

तेही ओढून ताणून चालवतात. त्याची कंपनी मध्येच सुट्टी देते आणि ती सुट्टी बिनपगारी असते. कशाला डोक्याला ताप.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पोरांनी रिपोर्ट वाचून दाखवला. हॉलमध्ये पडदा लावला, त्यावर गोल आणि बाण. गोलात मास्तर, गोलात मांजर, आणि सगळ्यात मोठ्या गोलात मी. खाली लिहिलेलं, तपासणी आजी. मला एकदम भरून आलं. नवऱ्याने चाळीस वर्षांत एका कागदावर माझं नाव लिहिलं नाही, रेशनकार्ड सोडून.

चष्मेवाल्याने सांगितलं, या भागातली भूक ही मुळात भूक नाहीच. ती आहे सोबतीची भूक. लोकांना वाचायला हवं, प्राणी हवेत, जबाबदारी हवी. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. बाण फार सरळ होते.

संस्थेच्या बाई पुढे बसल्या होत्या, मांडीवर फाइल. त्या म्हणाल्या, मग थोरलं पातेलं इथे कशाला? पुलापलीकडे अशी वस्ती आहे जिथे खरंच गरज आहे, तिकडे पाठवू. इथे या मुलांचं नवीन डिझाइन होऊ दे.

मागे काहीतरी खणकन वाजलं. डाववालीच्या हातून डाव पडला होता. तिच्या हातून काही पडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पांगापांग झाल्यावर तिने मला पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. आजी, ती पोरं तुमचं ऐकतात, म्हणाली. परवा त्यांची शेवटची मीटिंग आहे. उभ्या राहा आणि एक वाक्य बोला, मला भूक लागते. एवढंच. तुम्ही बोललात की मास्तर बोलतील, मास्तर बोलले की मांजरवाली बोलेल, मग सगळी रांग बोलेल. पातेलं राहील.

म्हटलं, अगं, पण मला कुठे लागते? मी तपासायला येते.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. तुमच्या डब्याचं झाकण लागत नाही, म्हणाली. म्हटलं, तू जास्त भरतेस म्हणून.

११ फेब्रुवारी

विचार केला. बोलणार. स्वतःसाठी नाही, स्वतःला मला काय कमी आहे, पण मास्तरांचा कोट बघवत नाही, आत दुसरा मास्तर मावेल. आणि मांजरवाली मागच्या आठवड्यात जिन्यात बसली होती ती उठेचना. म्हणाली, मांजर शोधतेय.

आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. या लोकांना भूक लागते. छान वाटलं, आवाज खणखणीत आहे माझा. डाववालीला जाऊन म्हणून दाखवलं. ती म्हणाली, या लोकांना नाही, आजी, मला, असं म्हणा. सगळे दुसऱ्याचंच सांगतात म्हणून तर ही वेळ आली.

मला, असं म्हणताना जीभ जड होते. कवळीमुळे असेल.

पण बोलणार हे नक्की. उद्या साडेअकराला. निळं लुगडं.

१२ फेब्रुवारी, दुपारी एक

बोलले. माईक दिला होता. मास्तर पुढे झुकून बसलेले, मांजरवालीने पिशवी छातीशी धरलेली. डाववाली दारात. चिठ्ठीवाली म्हणाली, आजी, तुम्हाला काय बदल हवाय? मनात आहे ते सांगा.

मी उभी राहिले. हॉलमध्ये खालच्या मजल्यावरचा शिंपीही आला होता, तो माझ्या मुलाचा वर्गमित्र. गवंडी होता. दाढीवाल्याने कॅमेरा उचलला.

मी म्हटलं, भिंतीला गुलाबी रंग देणार आहात, तो एक छटा गडद घ्या. मळ दिसत नाही.

टाळ्या झाल्या. सूचना लगेच मंजूर झाली. इतक्या पटकन माझं कधी कोणी ऐकलं नव्हतं.

डाववाली दारात नव्हती. भांडी घासायची असतील. आतून गाणं मात्र आलं नाही.

मी बोलणारच होते. पण रंगाचा विषय आधी आला, आणि मग वेळ संपली. एकेका विषयाला वेळ लागतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पातेलं गेलं. खिडकीतून पाहिलं. चौघं लागले टेम्पोत चढवायला, रिकामं असून. डाववाली पुढे ड्रायव्हरजवळ बसली, डाव मांडीवर आडवा. वर पाहील म्हणून मी पडद्याआड झाले. ऊन लागत होतं.

दुपारी नव्या हॉलचं उद्घाटन. काय सुंदर केलाय. दारावर गोल अक्षरांची पाटी. एका कोपऱ्यात पेपरचं स्टँड, आजचे पाच पेपर. दुसऱ्या कोपऱ्यात मांजरासाठी जागा, गादी, बशी आणि मांजराच्या खाण्याची पाकिटं. मधोमध उंच खुर्ची, पाठीवर लिहिलेलं, तपासणी. ती माझी. पाय जमिनीला टेकत नाहीत, पण मान किती मोठा.

जिथे पातेलं होतं तिथे एक टेबल आहे. त्यावर कागदाचे कप, अंगठ्याएवढे. त्यात सूप. वरून पुदिन्याचं एक पान. मी खुर्चीवर बसून एक कप तपासला. चांगलं होतं. दुसरा मागितला, तर टेबलावरच्या मुलीने पाटी दाखवली, एका व्यक्तीला एक अनुभव.

संध्याकाळचं सॅम्पल कशात नेणार. डबा मोठा पडतो.

१८ फेब्रुवारी

एक अनुभव घेतला.

१९ फेब्रुवारी

मास्तरांनी पाचही पेपर वाचून काढले. हरवले-सापडले पण सोडलं नाही. मग पाककृतींचं पान मोठ्याने वाचायला लागले. तीनदा वाचलं. गवंडी ऐकत बसला, सावलीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. काय जेवलीस? म्हटलं, अनुभव. तो म्हणाला, आई, तुझा आवाज बारीक का येतोय? म्हटलं, तुझा फोन जुना झालाय. फोटो पाठव म्हणाला, तर दाढीवाल्याला त्याने काढलेला खुर्चीतला पाठवायला सांगितलं. तो बघून म्हणाला, खुर्ची फार मोठी आहे का गं?

म्हटलं, हुद्दाच तसा आहे.

२४ फेब्रुवारी

आज हॉलमध्ये खरंच मांजर आलं. करडं, कानाचा तुकडा तुटलेलं, गल्लीतलं. सरळ कोपऱ्यात गेलं, बशी चाटूनपुसून साफ केली, गादीवर झोपलं. दाढीवाला धावत आला, पन्नास फोटो काढले. चष्मेवाल्याचे डोळे पाणावले. बघा, म्हणाला, डिझाइन काम करतंय.

चिठ्ठीवाली मांजरवालीला म्हणाली, ताई, तुमचंच का हे? मांजरवाली त्याच्याकडे बघत राहिली. ते पोटावर पंजा ठेवून झोपलेलं. नाही, म्हणाली. माझं बारीक आहे.

२६ फेब्रुवारी

मांजरवालीने आज जाहीर केलं, आमचं मांजर गेलं. मास्तर पेपर खाली ठेवून एक मिनिट उभे राहिले. मी खुर्चीतून उतरले, हे सोपं नाही, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला नुसती हाडं. म्हटलं, वाईट झालं, काय झालं होतं? म्हणाली, काही नाही हो आजी, खाणं सुटलं.

तिला रडू आलं. नसलेल्या मांजरासाठी एवढं रडतात का. माझेही डोळे ओले झाले, पण ते साथीला.

२८ फेब्रुवारी

बोटातली अंगठी भांडी घासताना मोरीत पडली. सापडली. थंडीने बोटं आकसतात. भांडी म्हणजे एक पेला.

हॉल आता रिकामा असतो. मी, मांजर, टेबलावरची मुलगी. चष्मेवाला म्हणाला, इथलं काम यशस्वी झालं, आता आम्ही पुढच्या वस्तीत जाणार. जाताना मला पुदिन्याची जुडी दिली. ती तपासली. सगळी.

ठरवलं: पुलापलीकडे जाऊन तुलनात्मक तपासणी करायची. एकाच ठिकाणचं बघून मत बनवणं बरोबर नाही. तिकडे डाववाली एकटी पडली असेल, कोण आहे तिला सांगायला की मीठ किती. चालत चाळीस मिनिटं. गुडघ्यांना व्यायाम.

२ मार्च, सोमवार, संध्याकाळ

गेले. चाळीस नाही, सव्वा तास लागला. पुलावर दोनदा बसले, नदी बघायला.

रांग लांबूनच दिसली. आणि रांगेत कोण, तर मास्तर. हातात पेपर नाही, काही नाही. मला बघून म्हणाले, फिरायला आलो होतो. त्यांच्यापुढे मांजरवाली, पिशवी घेऊन. म्हणाली, नवीन पाळलंय. मी म्हटलं, बरं झालं. कोणी कोणाला जास्त विचारलं नाही. पुढून भाताची वाफ येत होती आणि पातेल्यातून गाणं.

माझा नंबर यायला दहा माणसं उरली असतील, तेव्हा पांढरे बूट दिसले. भिंतीवर तीच मोठी अक्षरं. चिठ्ठीवाली रांगेच्या शेवटाकडून येत होती, हातात दोन गठ्ठे. इथली माणसं नवी, आम्हाला ओळखत नाहीत, आम्ही त्यांना ओळखत नाही. तिचं लक्ष दुसरीकडे होतं, मी गठ्ठ्यातली चिठ्ठी ओढून घेतली. पिवळी. का घेतली कोण जाणे, हाताला ती आली. भिंतीला टेकवून लिहिलं, भूक. पुढे लिहिलं, मला लागते. अक्षर चौथीतलंच आहे अजून, गोल.

चिकटवायला वळले तेवढ्यात चिठ्ठीवालीने पाहिलं. एकदम खूश झाली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, अरे, या तर आमच्या तपासणी आजी. आजी, इथेही तपासायला आलात? किती करता हो लोकांसाठी.

सगळी रांग वळून बघायला लागली. एका म्हाताऱ्याने मला नमस्कारही केला. डाववाली डाव वर धरून थांबली होती. नुसती बघत होती, माझ्या मुठीकडे.

म्हटलं, हो बाळा, तपासायलाच.

तिने मला गुलाबी दिली. मी लावली, मास्तरांनीही एक घेऊन लावली. माझ्यामागच्या बाईच्या हातात पिवळी होती. तिने माझी गुलाबी पाहिली, मास्तरांची पाहिली, आपली पिवळी हळूच गठ्ठ्यात परत ठेवली आणि गुलाबी मागितली. म्हणाली, मी सहज आले होते. तिच्यामागचा म्हणाला, मीही सहज. मग पुढे सगळेच सहज.

डाववालीने माझ्या ताटात भात वाढला, वर रस्सा, वर आणखी एक डाव. डबा न मागता भरला. झाकण तिनेच दाबून लावलं. मग एवढंच म्हणाली, आजी, मीठ बघा. म्हटलं, बरोबर आहे. खरं तर कळलंच नाही, इतक्या लवकर संपलं.

पिवळी चिठ्ठी मुठीतच राहिली होती, घरी आल्यावर दिसली. कागद वाया जाऊ नये म्हणून या पानावर खाली चिकटवली आहे. थोडी चुरगळलीय, पण गोंद अजून धरतो.

पोरं भिंतीवरच्या चिठ्ठ्या आज काढणार नाहीत. राहू दे, म्हणाली, आणखी कोणाला काही लावायचं असेल तर लावू दे. रिपोर्ट लिहायला गुरुवारी येतो म्हणालेत.